कोरी

जेल रोडला, गाड्या लावायच्या शेडमध्ये आमचा वर्ग.
आधी दुसऱ्या मजल्यावर होता.
पहिल्या दिवशी हेमांगी बागूलची चाकाची खुर्ची
जिन्याशीच थांबली, आणि तिनं खालून हाक दिली,
"मी आलेय, हजेरी मांडा!"
तरन्नुम मॅडम काठी टेकत चोवीस पायऱ्या उतरल्या,
मागून आम्ही, आमच्यामागून वायरी, संगणक, फळा.
फळा कशाला आणला, कुणालाच सांगता आलं नाही.
तेव्हापासून शिकवणी पेट्रोलच्या वासात.

मॅडमचा हुकूम: पडदे बंद.
ज्यांना थोडंफार दिसतं त्यांचेसुद्धा.
"उरलेली नजर घरी न्या, इथं कान काढा."
माझी उरलीय बांगडीएवढी.
बांगडीच्या आत जग,
बाहेर काळोख नाही, धुकं नाही,
नुसतं नाही.
तेवढ्यातून तीन वर्षं मी
दाराची कडी, दुधाचं पातेलं, माणसांचे चेहरे
एकेक करून ओढत आणत होते.
पडदा विझला तेव्हा रडू आलं, ते मॅडमनी ऐकलं.
म्हणाल्या, "एफ सात दाब."

यंत्रातला माणूस बोलतो
लासलगावच्या लिलावासारखा,
आकडा कळायच्या आत बोली पुढं गेलेली.
मॅडम त्याला त्याच वेगात ऐकतात, वर चहा पितात.
आम्ही त्याला हळू केला, अजून हळू,
इतका, की तो आजारी वाटायला लागला.
माझं आडनाव तो तोडून वाचतो: खैर. नार.
दगडू गांगुर्डे पेठहून येतो, पहाटेच्या एसटीनं,
उजवा हात कोपरापर्यंत.
तो माइकशी बोलतो, आणि माइकला त्याची बोली कळत नाही.
"मीच का शहरी बोलायचं?" त्यानं विचारलं.
यावर मॅडम पहिल्यांदा गप्प बसल्या.

अर्ज भरायला शिकवलं.
नाव. कोरी ओळ. शिक्षण. कोरी ओळ.
अनुभव. कोरी ओळ.
दिवसभर तो मला कोरी, कोरी म्हणत राहिला
आणि बसमध्ये मला एकदम दादा आठवले.
एकतीस वर्षं प्रेसमध्ये, नोटांच्या छपाईवर.
लहानपणी आम्ही त्यांची बोटं हुंगायचो.
कोरी म्हणजे त्यांच्या तोंडी करकरीत,
अजून कुणी न मोडलेली.

रात्री फोन दाखवला त्यांना.
नोट धरली की फोन सांगतो: शंभर. पन्नास.
दादांनी परीक्षा घेतली, उलटी धरून, घडी घालून.
मग एक जुनी, मऊ झालेली काढली.
"नोट ओळखता आली नाही," फोन म्हणाला.
दादा खुश.
माझा अंगठा धरून त्यांनी कडेवर फिरवला:
"शंभरला चार रेघा, पाचशेला पाच.
ह्या उठावाच्या रेघा आम्ही रोज तपासायचो.
कुणासाठी आहेत ते साहेबांनी एकदा सांगितलेलं,
मी काही नीट ऐकलं नव्हतं."
अंगठ्याखाली काहीच लागलं नाही.
झिजल्या होत्या.
तरी दादा म्हणाले, "शंभर."
तुम्हाला कसं कळलं, विचारलं,
तर म्हणाले, "लांबी. बोटावर मोजतो मी."

दिव्याखाली बसून?

तेव्हा ध्यानात आलं,
वर्षभर ते पेपर वाचून दाखवतात ते फक्त मथळे.
आतली बारीक अक्षरं
"काही विशेष नाही" म्हणून घडी घालून ठेवतात.
मी बोलले नाही. त्यांनी नोट इस्त्री केल्यासारखी
गुडघ्यावर सपाट केली, बराच वेळ.

"तुझ्या मॅडमना विचार," शेवटी म्हणाले,
"वयाची अट काय आहे.
आणि पडदा बंदच असतो ना?
नाही, म्हणजे, कुणी बघत नाही ना."