उलटे महिने

रोवानिएमीच्या इस्पितळात जूनमध्ये रात्र होत नाही.
पडदे ओढून आम्ही ती तयार करतो,
तरी कडांमधून ऊन गळतंच.

सहा नंबरच्या खाटेवर आर्मास निस्काला, वय ब्याऐंशी,
खुब्याच्या हाडात मंगळवारी खिळा बसवलेला.
बुधवारी त्यानं मला माझं गाव विचारलं,
आणि तिथल्या नदीत भोवरा नेमका कुठे आहे, तेही सांगितलं.
गुरुवारी पहाटे तीनला
हातातली सुई उपटून तो उठू पाहत होता :
"वळणावर ओंडके अडकलेत! आकडी आण, पोरी,
नाहीतर सगळी नदी तुंबेल!"
भिंतीवरून त्याला झाडांची सालं वाहताना दिसत होती.
आम्ही चौघी धावलो. ओरडणाऱ्याकडे कुणीही धावतं.

शुक्रवारी तो गप्प.
सूप पाजलं तर प्यायला,
नाही पाजलं तर मागितलं नाही.
पाळी बदलताना कुणीतरी कागदावर लिहून गेलं : शांत. निवळला.

दुपारच्या बसनं केमीहून मुलगी आली, तुइरे,
थर्मास घेऊन.
अर्ध्या तासानं माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली,
"कॉफी गार झाली, आणि ते चिडले नाहीत.
हे माझे बाबा नाहीत."

मी खाटेच्या कडेला बसले.
खणात पडलेली श्रवणयंत्रं आधी त्याच्या कानांत बसवली.
"आर्मास, वर्षाचे महिने उलटे म्हणा."
"डिसेंबर."
बराच वेळ गेला.
"नोव्हेंबर." आमच्या भाषेत तो मेलेल्यांचा महिना.
"ऑक्टोबर." तो चिखलाचा.
"चिखल," तो म्हणाला. "चिखल.
चिखलात पाय घट्ट रोवायचा असतो."
नजर माझ्या चेहऱ्यावरून घसरली,
बोटं पांघरुणातून न दिसणारा दोर ओढत राहिली.
तासाभरानं मात्र तो जुलैपर्यंत पोचला,
गवताच्या महिन्यापर्यंत,
आणि पुन्हा बुडाला.

राइली, जिनं मला हे काम शिकवलं, म्हणायची :
म्हातारपणीचा विसर पाचोळ्यासारखा वर्षानुवर्षं साचतो.
परवापर्यंत धड असलेला माणूस
आज सकाळी एक, दुपारी दुसरा दिसला,
तर वयाकडे बोट दाखवू नकोस.
अंगात कुठे काय बिनसलंय ते शोध.
आणि गप्प असेल, तर दुप्पट शोध.

मी त्याच्या बेंबीखाली हात ठेवला.
ढोलासारखं टणक.
तुंबली होती, खरंच. तो सांगतच होता,
आम्ही भिंतीकडे पाहत होतो.
नळी घातली; नऊशे मिलीलीटर.
'शांत' वर मी रेघ मारली,
डॉक्टरला उठवलं.

रविवारी तो फेब्रुवारीपर्यंत आला,
मधला एप्रिल गाळून.
कॉफीवरून तुइरेला बोल लावले, ती हसत रडली.
गुरुवारची रात्र त्याला आठवत नाही, असं तो म्हणाला.
मी उशी सरळ करून निघाले
तेव्हा पाठीमागून हळूच आवाज आला :
"पण आकडी तू आणली नाहीस."