नोंद घेतली

शब्द मोजायचं काम माझं.
कसबा बावड्यात, कोर्टासमोर, झेरॉक्सच्या मागं
माझं टेबल: वटमुखत्यार, वाटणीपत्र, बारशाची कार्डं,
आणि यंदा हा अहवाल, जिनिव्हाला धाडायचा.
वकील शाहीन मुजावर म्हणाल्या, मर्यादा आहे,
दोन हजार आठशे पंधरा शब्द. वर एकही नको.

म्हणून गेली संपत आवळेंची चप्पल,
मॅनहोलच्या काठावर काढून ठेवलेली,
कापशी, नवी, अजून करकरणारी.
डबा गेला. ठेकेदाराचं "उतर, मी हाय" गेलं.
उरलं ते इतकंच:
मृत्यू एक, सुरक्षा साधनांअभावी.

तिथं म्हणे न्यायाधीश नसतो.
देशच देशाला विचारतात.
तालमीतल्यासारखं, आज जो दुसऱ्याच्या चुका काढतो
त्याची लांग उद्या कुणाच्या तरी मुठीत.
म्हणून जपून बोलतात. आधी कौतुक, मग शिफारस,
मग माईक बंद.
पाठ कुणाचीच मातीला लागत नाही.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून आम्ही पाहिलं.
कुठल्याशा बेटाची बाई बोलली.
पंचावन्न सेकंद. त्यातले अकरा
गटारात उतरणाऱ्या माणसांचे.
मी मोजले. सवय.
मागं स्टुलावर मालन, संपतची बायको.
"आमचं बोलली व्हय ती?"
"व्हय."
"लई भराभर बोलली."

काही महिन्यांनी आपल्या सरकारचं उत्तर आलं.
लांबलचक यादी. कुठं "मान्य", कुठं "मान्य",
आमच्या ओळीपुढं "नोंद घेतली".
शाहीनबाईंनी चष्मा काढून पुसला.
म्हणाल्या, म्हणजे नाही.
नाही म्हणायची तिथली ही रीत.

मालन बराच वेळ त्या दोन शब्दांवर
बोट ठेवून बसली. तिला वाचता येत नाही,
कुठं ठेवायचं ते मी दाखवलं होतं.
महापालिकेच्या मस्टरवर संपत नव्हता,
ठेकेदाराच्या वहीत नव्हता,
पंचनाम्यात "एक इसम".
"नोंद तर घेतली न्हवं?" ती म्हणाली.
"हितं कुणी घेतली हुती?"

शाहीनबाई काही बोलल्या नाहीत. मीही.
झेरॉक्सवाल्यानं उगाच ट्रे उघडून बंद केला.

पुढची फेरी चार-साडेचार वर्षांनी.
काल मी नवीन फाईल उघडली, कुणी न सांगता.
टाइप केलं: चप्पल, एक जोड, कापशी.
खाली कोपऱ्यात आकडा आला, चार.
काय कापायचं ते
शाहीनबाई बघतील.