तीन सेकंदांची शीळ

दाबोळीच्या टॉवरवरून रात्री झुवारी दिसत नाही.
दिसतात नांगरलेल्या बार्जेसचे दिवे,
आणि खाली धावपट्टी,
कुणीतरी ओवून अर्धवट ठेवलेली माळ.

मी म्हणाले होते: टेक-ऑफसाठी थांबा.
"थांबा" म्हणताना, नेमकं तेव्हाच,
चार मैलांवरच्या विमानानं बटण दाबलं,
चाकं खाली आली, एवढंच सांगायला.
एकाच लहरीवर दोन आवाज आले
तर त्यांची बेरीज होत नाही.
शीळ होते.

कॅप्टन कुरियनना पोचलं ते एवढंच: टेक-ऑफ.

तो शब्द तोंडून काढायचाच नसतो
खरंच सोडायची वेळ येईपर्यंत.
पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
आमच्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत,
लांबडं म्हणतात,
तसंच हे.
अकरा वर्षं मी लांबडंच म्हणत आले,
त्या रात्री, सव्वातीनला,
नाव घेतलं.

आणि ते आलं.
थांब्यावरचे दोन दिवे हलले, वळले,
माळेच्या मधोमध येऊन वेग धरू लागले.
स्टॉप, मी म्हणाले. स्टॉप. स्टॉप.
मग दुसऱ्याला: वर जा, परत फिरा.
त्याच्या पोटाखालचा उजेड
माझ्या काचेवरून, चहाच्या कपावरून,
नोंदवहीवरून सरकत गेला.
वीस मिनिटांनी तो उतरला. आतली माणसं
बॅगांची वाट बघत उभी राहिली,
एकानं म्हणे विचारलं,
कळंगुटला टॅक्सी केवढ्याला?

चौकशीत टेप नऊ वेळा वाजवली.
इथं काय म्हणालात, लेफ्टनंट तारी?
इथं थांबा म्हणाले, सर.
इथं तर शीळ आहे.
होय, सर. तिच्या आत.

आडनावाचं सांगायचं तर,
पणजोबा आगशीहून कुठ्ठाळीला होडी न्यायचे.
पलीकडून हाक यायची. व्हय की न्हय,
वाऱ्यात दोन्ही एकच.
म्हणून ते कंदील दोनदा वर करायचे
आणि तिकडून दोनदा उत्तर येईतो
वल्ह्याला हात लावायचे नाहीत.
एकदा घाई केली.
भर ओहोटीत तासभर वल्हवून पोचले
तर एक माणूस चुकलेल्या म्हशीला हाका मारत होता.
ही गोष्ट घरात हसण्यासाठी सांगतात.
मीही हसायचे.

कामावर निघताना मी आईला "येतां" म्हणते.
जाणारी म्हणते येते,
आणि आई दार लावून घेते,
तिला कधी परत विचारावं लागलेलं नाही.

निकाल लागायचा होता तेव्हा
कुरियननी फोन केला. नंबर कुठून मिळाला, माहीत नाही.
हॅलो झालं,
मग दोघं एकदमच बोललो,
दोघं एकदमच गप्प झालो.
तारेत कुठंतरी समुद्र वाजत होता,
त्यांच्याकडचा की माझ्याकडचा.
आधी तुम्ही, मी म्हणाले.
आधी तुम्ही, ते म्हणाले,
आणि मला कळेना
हे त्यांचं उत्तर आहे
की नियमाप्रमाणे
माझंच वाक्य त्यांनी परत वाचून दाखवलं.