पंच क्रमांक दोन

नेत्रावळीच्या नाक्यावर भाजी-पाव खात होतो,
म्हणून साक्षीदार झालो.
पंच क्रमांक एक खुर्चीत डुलत होता,
तो नेहमीचाच.

टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
झाकणावरची बाई गंजलेली, एकच डोळा शिल्लक.
समोर पुनो वेळीप, रोजंदारीवरचा वणवा-राखणदार,
भुवया जळालेल्या.
डोंगर तीन दिवस पेटला होता
आणि हिरव्या फांद्यांनी आग बडवणाऱ्यांत
हाच सगळ्यांच्या पुढे, असं जो तो सांगत होता.
पण डबा सापडला याच्याच पिशवीत.

“लिही,” रेंजर म्हणाले.
अक्षर बरं म्हणून मी लिहू लागलो.

काजूची टरफलं, नग तीन.
“तेल आसता तातूंत,” पुनो म्हणाला,
“भिजलेल्या लाकडालाही ऐकायला लावतं.”
हे मी लिहिलं नाही.
शेवरीचा कापूस, चिमूटभर.
सोडणाचा काथ्या, पिंजलेला.
राळेचा खडा रेंजरनी नाकाशी धरला,
आणि कचेरीला क्षणभर देवळाचा वास आला.
सायकलच्या ट्यूबच्या चिंध्या का, कोणी विचारलं नाही.
मेणबत्ती अर्धी, कुडचड्याच्या फेस्तात कोणी सोडून गेलेली,
आणि तिच्याच मेणाच्या टोप्या घातलेल्या काड्या,
सात, थंडीतल्या पोरांसारख्या दाटीनं.

“डोंगर पेटवायलाच ना हे?”

पुनो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला.
“मार्चात डोंगर पेटवूंक एक बिडी पुरो, सायबा.
हो डबो जुलयचो.”
मग तुटक तुटक:
ओढा चढलेला, वाट बंद, सोबत नवा गार्ड,
वीस वर्षांचा.
माचिसचा चिखल झालेला.
“दात वाजतात तोवर बरं.
वाजायचे थांबले की भियेवचें.”
कोणाचे थांबले, ते तो बोलला नाही.
रेंजर खिडकीबाहेर बघत होते.
पंच क्रमांक एक जागा झाला होता.

शेवटी डबा बांधला सुतळीनं.
सील करायला लाख काढली,
लायटर खटखट, खटखट. गॅस संपलेला.
दुपारचे अडीच. गावातलं एकूण एक दुकान झोपलेलं.
शिपाई हात हलवत परत आला.

रेंजरनी डब्याकडे पाहिलं.
डब्यावरच्या बाईनं एका डोळ्यानं रेंजरकडे.
“पुनो… जरा…”

त्यानं सुतळी सोडली.
एक टरफल बशीत, त्यावर कापसाचं बोंडूक,
एका काडीची टोपी नखानं काढली.
पंखा बंद, वारा नाही, तरी
तळहाताची भिंत केली ज्योतीभोवती, सवयीनं.
काळा धूर, तेलकट, चुरचुरणारा.
लाख वितळली.
पुनोनं स्वतःच सुतळी पुन्हा आवळली,
गाठीवर लाल थेंब पडेपर्यंत बोट धरून राहिला.
मग बशीत पाणी ओतलं. परत ओतलं.
राख चिवडली, आणि हाताची उलटी बाजू टेकवून
बराच वेळ तपासली,
जणू कचेरीभोवती सगळा डोंगर वाळून उभा होता.

“सही,” रेंजर म्हणाले, हळू.

पंचनाम्यात टरफलं तीन, काड्या सात.
डब्यात दोन, सहा.
मी खोडलं नाही.