पेज

ग्लासगोच्या दफ्तरखान्यात पेन चालत नाही,
फक्त पेन्सिल. पर्स बाहेर ठेवून आत गेले.

रात्रनिवाऱ्याची वही, नोव्हेंबर एकोणीसशे अकरा:
जेलो सोमर. खलाशी. एक रात्र, एक घोंगडी.
पुन्हा जेली सुमार. दोन रात्री.
मग फेब्रुवारीपर्यंत कुठेच नाही.

आमच्या घरात तो झिलू सोमा केळुसकर,
‘बोटीवर गेला तो गेलाच’
एवढ्या एका वाक्याचा पणजोबा.

इस्पितळाच्या नोंदी तिसऱ्या दिवशी मिळाल्या.
वजन साडेसात स्टोन. डाव्या फुप्फुसात पाणी.
भाषा: ठाऊक नाही.
खाली नर्सचं तिरकं, घाईतलं अक्षर:
रोगी रात्रभर ‘पेज’ मागतो.
कोरा कागद दिला. पेन्सिलही.
त्याने तो घडी करून उशीखाली ठेवला.

मी मोठ्याने हसले.
समोरच्या म्हाताऱ्याने चष्म्यावरून पाहिलं.

पुढच्या ओळीत फक्त तारीख होती
आणि वेळ, पहाटेची.

संध्याकाळी खोलीवर येऊन तांदूळ धुतले.
उकडे इथे कुठले, होते तेच.
पाणी चौपट. मीठ.
कोट अंगातच होता,
शेगडीपाशी उभी राहिले
उतू जाईस्तोवर.