चवली

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
माझा कॉम्प्युटरचा क्लास.
खाली लादी फुटते, वर खडू थरथरतो.
मच्छीमार सोसायटीच्या नव्या सेक्रेटरी द्वारका गिरप,
वय एकोणसाठ, तिसऱ्या बाकावर.
हिशेब आता मशीनवर ठेवायचा म्हणून आल्यात.
त्यांच्या माऊसला खवले चिकटलेले असतात.

बिट म्हणजे सगळ्यात लहान, मी सांगतो.
हो किंवा नाही. त्याच्याखाली काही नाही.
"हो-नाय सोडून तिसरां कळणा नाय?
मगे ह्येका पावली कमीच."
वर्ग हसतो. मीही.

मग पुस्तकाबाहेरचं सांगतो:
दर्यावर्दी लोक पूर्वी रुप्याचं नाणं
छिन्नीने फोडायचे, आठ तुकडे.
त्या तुकड्यालाही इंग्रजीत बिटच म्हणायचे.

द्वारकाबाई मांडीवर बोटाने रेघा ओढतात,
लिलावानंतर वाळूत वाटे लावावेत तशा.
"सोळा आण्यांचो रुपयो.
अर्धो केलो, अधेली. तिचां अर्धां, पावली.
तिचां अर्धां, चवली.
आठवो हिस्सो मां? मगे चवली म्हणा.
बिट कित्याक?"

फळ्यावर माझंच अक्षर: सोळा, आठ, चार, दोन, एक.
अकरा वर्षं ही शिडी शिकवतोय.
पायऱ्यांना नावं होती, हे कुणी सांगितलं नव्हतं.

एवढ्यात त्यांचा फोन एकदाच वाजतो, बंद पडतो.
त्या उचलत नाहीत.
"होडी लागली," म्हणतात, आणि वहीत बघतात.
कॉल आता फुकट झाले तरी
घरात तीच रीत आहे: एक रिंग.
न वाजला तर, हे मी विचारत नाही.
तोही निरोपच.

"दिवसाक दीड जीबी घेतंय. उरलां तर?"
रात्री बाराला जातं.
"जातां म्हणजे खंय?"
कुठेच नाही. संपतं.
खाली बर्फ फोडणारा जरा थांबतो.
"म्हणजे म्हावराच तां.
आणि मीठ लावून ठेवक येणा नाय."
नाही येत, मी कबूल करतो.

महिनाअखेरीला फी मोजताना
कनवटीतल्या नोटांबरोबर एक पावली निसटते,
गेंड्याचं चित्र असलेली,
टेबलावर गरगरते, आडवी होते.
ही आता चालत नाही, बाई.
"चलणा नाय. पण आसा मां?"

पावतीवर मी फक्त नोटांची रक्कम लिहिली.
पावली कुठल्या रकान्यात घ्यायची
ते अजून ठरलेलं नाही.
खडूच्या डबीत ठेवलीय.
खाली लादी फुटली की वाजते.