विक्रीसाठी नाही

संघ अजून जन्मायचा होता.
तीन नावं टेबलावर होती: निखारे, वणवा, ज्वाला.
मालकांचं म्हणणं, विनिपेगला सहा महिने बर्फ,
लोकांना ऊब विका, ओडेट.
आणि चिन्ह असं हवं की समोरच्याला धडकी भरावी
पण पोरांनी मिठीही मारावी.

महिनाभर मी गव्याला आयाळ काढत होते.
केसागणिक एक ज्वाळा,
नीट, टोकाला वळलेली, मागे झुकलेली,
जणू आगीला आधीच ठाऊक असतं
कुठे जायचंय ते.

जानेवारी. रात्रीचे पावणेतीन. उणे एकतीस.
घंटा झाली तेव्हा मी कूस बदलली.
आमच्याकडे घंटा करपलेल्या टोस्टलाही वाजते.
मग दाराखालून तो आला.
ज्वाळा नव्हे, धूर.
तपकिरी, मऊ, शेजारच्या मांजरासारखा,
न विचारता.
पंधरा वर्षं मी आग काढतेय,
आणि हा रंग माझ्या एकाही तक्त्यात नव्हता.

जिन्यात काही दिसत नव्हतं. ऐकू येत होतं.
तिसऱ्या मजल्यावरच्या हलिनाबाई
युक्रेनीत पायऱ्या मोजत होत्या, मोठ्यांदा,
आणि आम्ही सगळे त्या आकड्यांना धरून उतरलो,
ती भाषा कुणालाच येत नसताना.
शेवटच्या आकड्यानंतर
थंडीने थोबाडीत मारली.

पार्किंगमध्ये रेमेडिओस, अनवाणी,
अकराला ड्यूटी संपवून नुकती झोपलेली.
वर्समे, कडेवर मुलगी, अंगावर खिडकीचा पडदा.
चौथ्या मजल्यावरचे थॉर्वल्डसन
बनियनवर, हातात टीव्हीचा रिमोट.
का, ते त्यांनाही सांगता येईना.

तेव्हा मला डिकी आठवली.
खोक्यात चोवीस जर्सी.
कारखान्याने केशरी चुकवला होता,
परत पाठवायच्या होत्या.
गळ्याशी शिक्का:
नमुना. विक्रीसाठी नाही.

मी वाटत सुटले.
आत कवच मावेल अशा हॉकीच्या जर्सी त्या,
वर्समेची मुलगी सात नंबरात घोट्यापर्यंत बुडाली.
थॉर्वल्डसन गोलरक्षक झाले.
हलिनाबाईंनी बाही हुंगली, नाक मुरडलं, घातली.

बंबावरचा पोरगा माणसं मोजायला आला
आणि पाठीवरचे आकडे वाचू लागला.
"एकोणीस? एकोणीस कुठाय?"
खोक्यात आहे, मी म्हटलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग इमारतीकडे.
खोका उघडून दाखवला,
तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला. मीही.

शहराने ऊब घ्यायला बस पाठवली.
कपाळावर दिव्यांत लिहिलेलं: सेवेत नाही.
आत बसून आम्ही काच पुसत बघत राहिलो.
पाणी भिंतीवर पडता पडता गोठत होतं,
वरच्या खिडक्यांत आग, खालच्यांना बर्फाच्या दाढ्या,
आणि मध्ये कुठेतरी माझं टेबल.
कुणी ओरडलं नाही.
आमची घोषणाच तयार नव्हती.
रेमेडिओसने पाय चोळत विचारलं,
"ह्या टीमचं नाव काय?"
"ठरायचंय."
"म्हणजे अजून हरलेली नाही."

नऊ दिवसांनी मालकांपुढे नवा गवा ठेवला.
आयाळ साधी, ओली, दहिवराने जड.
ज्वाळा कुठे गेल्या, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, भरतकामाला दोरा फार लागतो,
परवडणार नाही.
लगेच पटलं त्यांना.

जर्सी आल्या परत,
दोनदा धुऊन, घड्या घालून.
वास काही गेला नाही.
एक आली नाही, गोलरक्षकाची.
थॉर्वल्डसन ब्रँडनला मुलाकडे असतात आता,
तीच घालून झोपतात म्हणे.
मी मागितली नाही.
गळ्याशी लिहिलंय ना,
वाचत असतील रोज.